सोळा संघ, अठ्ठेचाळीस सामने

पहिल्या वर्षी आम्ही सरळ बाद फेरी ठेवली होती. दहा वर्षांखालच्या मुलांचे १६ संघ, पाच-पाचचा फुटबॉल आणि कोल्हापुरातलं एकच मैदान. साडेसातचा पहिला सामना साडेनऊला सुरू झाला. गडहिंग्लजच्या बाजूच्या एका खेड्यातून आलेल्या संघाची पाळी लागली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. ही पोरं पहाटे साडेचारला उठून टेम्पोतून आली होती. २० मिनिटांत ३-० अशी हरली. त्यांच्यातला आठ नंबरच्या शर्टचा एक मुलगा, गुडघ्यापर्यंत ओढलेले नवेकोरे स्टॉकिंग घातलेला, शेवटपर्यंत बाहेरच बसून होता. सामना संपल्यावर तो पळत मैदानात गेला, गोलपोस्टला एकदा हात लावला आणि परत येऊन टेम्पोत बसला. स्टॉकिंगला मातीचा ठिपकाही लागलेला नव्हता.

त्या रात्री पावती पुस्तकाच्या मागच्या पानावर मी हिशेब मांडला. १६ संघांच्या बाद फेरीत सामने होतात १५. त्यातले निम्मे, म्हणजे ८ संघ, पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात. २० मिनिटांचा सामना आणि मैदानात ५ खेळाडू म्हणजे खेळायला मिळणारी मिनिटं झाली १००. ती संघातल्या ८ मुलांत सारखी वाटली तर प्रत्येकी साडेबारा येतात. पण ती सारखी वाटली जात नाहीत. हरणाऱ्या संघाचा प्रशिक्षक आपली पाच चांगली पोरं बाहेर काढत नाही, आणि उरलेल्या तिघांच्या वाट्याला शून्य येतं.

तेव्हापासून स्पर्धा आखायला बसलो की मी एकच आकडा आधी लिहितो. सर्वांत कमी खेळणाऱ्या मुलाला किती मिनिटं मिळणार? भाग्यपत्रिका, मैदानाची मापं, नियम, पंच, पाणी, पाहुणे ही पुढची सगळी कामं या आकड्याच्या मागून येतात. या प्रकरणात ती एकेक करून घेऊ.

पण मुळात पाच-पाचच का? अकरा-अकराच्या सामन्यात मैदानावर २२ मुलं असतात आणि चेंडू एक. नऊ वर्षांच्या मुलाला १०० मीटर लांब मैदान म्हणजे माळरान. दोन दांडगी पोरं चेंडू घेऊन धावतात आणि बाकीची त्यांच्या मागे घोळका करून पळतात. माणसं कमी केली आणि मैदान आखूड केलं की चेंडू प्रत्येकाच्या पायाशी पुन्हा पुन्हा येतो, लपायला जागा राहत नाही. मँचेस्टर युनायटेडच्या अकादमीत या शतकाच्या सुरुवातीला आठ-आठ आणि चार-चारच्या सामन्यांची तुलना केली गेली. चार-चारच्या खेळात पास दुपटीहून जास्त झाले, गोलवर मारलेले फटके तिपटीहून जास्त, आणि एकास एक भिडण्याचे प्रसंगही तिपटीच्या पुढे गेले. मुलांना कुणी वेगळं काही शिकवलं नव्हतं. जागा आणि माणसं तेवढी बदलली होती.

ही कल्पना काही नवी नाही. १९३० साली उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरात वायएमसीएत शिकवणाऱ्या हुआन कार्लोस सेरियानी यांनी बास्केटबॉलच्या कोर्टावर खेळता येईल असा पाच-पाचचा फुटबॉल बांधला. खेळाडूंची संख्या बास्केटबॉलची घेतली, गोलचं माप हँडबॉलचं. त्याच वर्षी त्याच शहरात उरुग्वेने पहिला विश्वचषक जिंकला होता आणि गावातल्या प्रत्येक पोराला फुटबॉलच खेळायचा होता. त्यातून पुढे फुटसाल झाला. मूळचे हॉकीचे असलेले जर्मन प्रशिक्षक होर्स्ट वाइन यांनी लहान मुलांसाठी तीन-तीनचा, चार छोट्या गोलांचा खेळ रुजवला. आज जर्मन फुटबॉल महासंघाने तोच धागा पुढे नेला आहे. २०२४-२५च्या हंगामापासून तिथे लहान गटांत छोटे संघ आणि छोटी मैदानं सक्तीची आहेत. त्यांची एक पद्धत मला फार आवडते. मैदानं ओळीने मांडलेली असतात. जिंकलेला संघ एक मैदान वर सरकतो, हरलेला एक मैदान खाली. दोन-तीन फेऱ्यांत प्रत्येकाला आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी मिळतो आणि एकही संघ घरी जात नाही. आपल्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये ‘गोल्डन बेबी लीग’ सुरू केल्या, त्यामागचा विचारही हाच होता.

कोल्हापूरला हे पटवून द्यावं लागेल असं कुणाला वाटणार नाही. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल ही संघांची नावं इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेत दुकानं लवकर बंद होतात. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. तरीही इथल्या मुलांच्या स्पर्धा आपण मोठ्यांच्या साच्यात घालतो. तीच बाद फेरी, तोच टाय-ब्रेकर, तेच भलेमोठे करंडक. पेठेच्या बोळात चपलांचे गोल करून चार-चार खेळणारी पोरं त्या बोळात तासात जेवढा चेंडू खेळतात, तेवढा आपल्या स्पर्धेत दिवसभरात खेळत नाहीत. निदान बोळाइतकं तरी स्पर्धेने द्यावं, एवढीच माझी मागणी आहे.

आता कार्यक्रमपत्रिका. इथे जरा रेंगाळतो, कारण स्पर्धा घडते किंवा बिघडते ती इथेच.

मोठ्या मैदानाचे चार भाग करा. एकाच वेळी चार सामने. १६ संघांचे ४ गट, प्रत्येक गटाला स्वतःचं मैदान. गटात चार संघ म्हणजे साखळीत ६ सामने. सामना १२ मिनिटांचा, मध्यंतर नाही. पुढचे संघ उभे राहायला ३ मिनिटं. म्हणजे एका सामन्याला पाव तास आणि सहा सामन्यांना दीड तास. सकाळी सातला पहिला भोंगा वाजला तर साडेआठला सगळ्या गटांची साखळी पूर्ण होते. मग अर्धा तास सुट्टी: केळी, पाणी, सावली. त्या अर्ध्या तासात नवे गट पाडायचे. चारही गटांतले पहिले संघ एका मैदानावर, दुसरे दुसऱ्यावर, तिसरे तिसऱ्यावर, चौथे चौथ्यावर. नऊ ते साडेदहा पुन्हा साखळी. एकूण सामने ४८. प्रत्येक संघाचे ६ सामने, ७२ मिनिटं खेळ, आणि ऊन तापायच्या आत सगळं आटोपलेलं.

हिशेब पुन्हा मांडू. ७२ मिनिटं, मैदानात ५, म्हणजे ३६० मिनिटं. आठ मुलांत वाटली तर प्रत्येकी ४५. बाद फेरीत साडेबारा होती. शिवाय नऊनंतर कुणाला ९-० असं हरावं लागत नाही, कारण समोरचाही आपल्यासारखाच तिसरा किंवा चौथा आलेला असतो. दुसऱ्या सत्रातले सामने एका गोलाने सुटताना मी पाहतो, तेव्हा या पद्धतीसाठी घेतलेली सगळी धावपळ वसूल झाल्यासारखी वाटते.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो. एका मैदानावर चारच संघ असले की कुणाला ना कुणाला लागोपाठ दोन सामने खेळावेच लागतात. क्रम असा लावा: अ-ब, क-ड, अ-क, ब-ड, अ-ड, ब-क. यात ‘क’ दुसरा आणि तिसरा सामना लागोपाठ खेळतो, ‘ड’ चौथा आणि पाचवा. ‘अ’ आणि ‘ब’ यांना दर वेळी विश्रांती मिळते. याहून चांगला क्रम निघत नाही. मी कागदावर पुष्कळ खटपट करून पाहिली आहे. म्हणून पहिल्या सत्रात ‘क’ आणि ‘ड’ असलेल्या संघांना दुसऱ्या सत्रात शक्य तिथे ‘अ’ आणि ‘ब’ करायचं. प्रशिक्षकांना हे सकाळीच समजावून सांगितलं की कुणी भांडायला येत नाही.

चारही सामने एकाच भोंग्यावर सुरू आणि एकाच भोंग्यावर बंद. जादा वेळ नाही, टाय-ब्रेकर नाही. बरोबरी ही बरोबरी. मैदानागणिक वेगळं घड्याळ ठेवलं की तासाभरात वीस मिनिटांचा घोळ होतो आणि मग तो आवरत नाही.

सहाव्या मिनिटाला आणखी एक भोंगा वाजतो. हा आमच्या स्पर्धेतला सर्वांत महत्त्वाचा नियम. त्या भोंग्याला बाहेर बसलेली तिन्ही मुलं आत आलीच पाहिजेत, आणि आली की शेवटपर्यंत आतच राहिली पाहिजेत. प्रशिक्षकाच्या मर्जीचा प्रश्नच उरत नाही. म्हणजे सर्वांत कच्च्या मुलालाही सामन्यात ६ मिनिटं, दिवसात किमान ३६. हा नियम पहिल्यांदा लावला तेव्हा एका प्रशिक्षकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, “सर, हा पोरगा उभा राहिला की आम्ही हरतोय बघा.” मी म्हटलं, “हरा की मग. समोरच्याचेही तीन आत आलेत.” ते थोडे नाराज झाले. त्यांचा तो पोरगा चौथ्या सामन्यात गोलरेषेवर आडवा पडून चेंडू अडवताना सगळ्यांनी पाहिला.

वयाची तपासणी हा नाजूक विषय. आपल्या आधीच्या पिढीत कितीतरी माणसांचा वाढदिवस १ जूनला असतो. आईबापाला तारीख आठवायची नाही, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मग गुरुजी नाव घालताना हजेरीपटावर १ जून लिहून मोकळे व्हायचे. आता बहुतेक मुलांचा जन्मदाखला असतो, पण तो मागाहून काढलेलाही असू शकतो. म्हणून दाखल्यावर जन्मतारखेबरोबर नोंदणीची तारीखही पाहा. जन्मानंतर काही दिवसांत नोंद झाली असेल तर शंकेचं कारण नाही. नोंद सहा-सात वर्षांनंतरची असेल तर शाळेचं बोनाफाईड मागा आणि दोन्ही ताडून पाहा. मोठ्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वयाचा अंदाज घेतात. पेठेतल्या स्पर्धेसाठी लेकरांना त्यात ओढू नये.

ही सगळी तपासणी स्पर्धेच्या आठवडाभर आधी उरकायची, मैदानावर कधीही नाही. मी एकदा ती चूक केली आहे. सामना थांबवून, सगळ्यांच्या देखत, एका उंच मुलाला कागद मागितले. त्याचं वय जास्तच निघालं. पण संघात त्याला घेतलं होतं मोठ्या माणसांनी, आणि मान खाली घालून शंभर डोळ्यांसमोरून चालत बाहेर गेला तो. आता नियम असा आहे की वय जास्त निघालं तर संघाच्या व्यवस्थापकाला जबाबदार धरायचं, मुलाला एका शब्दाने बोलायचं नाही, आणि त्याच्याकडे त्या दिवसासाठी गुणफलकाचं काम द्यायचं.

खरा दाखला असला तरी वयाचं एक कोडं उरतंच. १ जानेवारीची मर्यादा धरली तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात. नऊ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा फरक त्याच्या सगळ्या आयुष्याच्या नवव्या हिश्शाएवढा असतो. कॅनडातल्या आइस हॉकीच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्या मुलांची गर्दी आहे, हे रॉजर बार्न्सली यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं. नंतर फुटबॉलमध्येही देशोदेशी तेच दिसलं. आपण ज्याला ‘तयारीचा पोरगा’ म्हणतो तो बऱ्याचदा आठ-दहा महिन्यांनी मोठा असतो, इतकंच. निवड करणाऱ्यांनी संघाच्या यादीत नावापुढे जन्ममहिना लिहून पाहावा. सहाव्या मिनिटाचा भोंगा या डिसेंबरच्या पोरांसाठीच आहे.

आता मैदान. पाच-पाचसाठी ३७ मीटर लांब आणि २७ मीटर रुंद जागा पुरते. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने लहान मुलांसाठी सुचवलेलं माप साधारण हेच. १०० मीटर लांब आणि ६४ मीटर रुंद मैदानात अशी चार बसतात आणि मधून माणसांना फिरायला वाटही राहते. आदल्या संध्याकाळी चौघे जण, खुंट्या, सुतळी, टेप आणि फक्कीचं पोतं. पहिला कोपरा काटकोनात आला की बाकी सगळं सरळ येतं. गवंडी पाया आखताना करतात तेच करायचं. एका रेषेवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ मीटर भरेपर्यंत दुसरी सुतळी सरकवत राहायची. चौकोन पूर्ण झाला की दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ४५.८ मीटर भरले तर मैदान खरं. फक्की म्हणून पांढऱ्या रांगोळीची भुकटी वापरा. चुना नको. तो डोळ्यांत गेला तर जळतो, आणि ही मुलं दिवसभर मातीत लोळणार असतात.

आमच्यातला एक जण व्यवसायाने गवंडीच आहे. तो ओणवा होऊन मुठीतून फक्की सोडत मागे मागे चालत जातो, आणि सुतळी उचलली की जमिनीवर दोन बोटं रुंदीची, कुठेही न तुटलेली रेघ उरते. चार मैदानांच्या रेषा मिळून सहाशे मीटरच्या वर जातात. मावळतीला मुलं कडेला बसून ते काम पाहत असतात. रेषेवर कुणी पाय ठेवत नाही.

गोलपोस्टबद्दल मात्र कडक बोलायला हवं. १२ फूट रुंद आणि ६ फूट उंच लोखंडी गोल वेल्डिंगवाल्याकडून करून आणतात आणि नुसतेच उभे करतात. आडव्या दांड्याला पोरं लटकतात. न बांधलेला गोल पुढच्या अंगाला कलंडतो आणि दांडा लटकणाऱ्याच्या डोक्यावर किंवा छातीवर येतो. जगात अनेक मुलं अशा अपघातांत मेली आहेत. प्रत्येक गोलच्या मागच्या दांड्यावर वाळूची भरलेली पोती बांधा, नुसती ठेवू नका. खेळ संपला की गोल लगेच जमिनीवर पालथे करून टाका. पीव्हीसी पाइपचे हलके गोल मिळाले तर तेच घ्या, पण तेही बांधा. स्पर्धेचं एकच काम स्वतःच्या हाताने तपासायची सवड मिळाली, तर मी याच गाठी तपासतो.

चेंडू चार नंबरचा, घेर ६३.५ ते ६६ सेंटिमीटर. सात-आठ वर्षांच्या पोरांसाठी तीन नंबरचा. मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू लहान पायाला जड जातो आणि मुलं पायाच्या टोकाने बडवायला शिकतात. डोक्याने मुद्दाम चेंडू मारायचा नाही, हा नियम ठेवा. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंगची बंदी २०१५ मध्ये जाहीर झाली, इंग्लंडही लहान गटांतून ते टप्प्याटप्प्याने काढत आहे. ऑफसाइड नाही. चेंडू बाहेर गेला की हाताने फेकायचा नाही, पायाने आत ढकलायचा किंवा घेऊन निघायचं. गोलकीपरच्या हातात चेंडू आला की समोरच्या संघाने मध्यरेषेपर्यंत मागे यायचं, म्हणजे कीपर चेंडू उंच भिरकावत नाही, जवळच्याला देतो आणि मागून खेळ बांधायला शिकतो. चार गोलांनी मागे पडलेल्या संघाला एक जादा खेळाडू उतरवता येतो.

बुटांचा प्रश्न वेगळा आहे. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण दहा वर्षांच्या अनवाणी पायावर खिळ्यांचा बूट पडला की बोटं फुटतात. स्टडचे बूट बंद, सगळ्यांना साधे कॅनव्हासचे, आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासाठी मंडळाने वेगवेगळ्या मापांचे पंधरा-वीस जोड ठेवायचे. ते मागायला लावू नयेत. नोंदणीच्या वेळीच सगळ्या मुलांच्या पायांचं माप लिहून घ्यायचं, मग कुणाला दिले ते कुणाला कळत नाही. प्रवेश फीबाबतही तेच, ज्याला परवडत नाही त्याला सवलत मागायला लावू नये. नागपुरात विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल खेळताना पाहिलं आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ या चित्रपटामुळे ते नाव घरोघरी गेलं. स्पर्धेच्या फीमुळे जे पोर आलंच नाही, त्याची मिनिटं माझ्या हिशेबात शून्यच पडतात.

मुली याच संघांत खेळतात. संघात किमान दोन मुली असाव्यात, असा नियम तिसऱ्या वर्षी केला. या वयात ताकदीचा फरक नगण्य असतो. फरक असतो तो सरावाचा, आणि सराव मैदानावर आल्याशिवाय होत नाही. त्या वर्षी दोन मुली सुट्टीनंतर परत आल्याच नाहीत. कारण विचारलं तर मैदानावरचं मुलींचं स्वच्छतागृह कुलूपबंद होतं. तेव्हापासून किल्ली आदल्या संध्याकाळीच माझ्या खिशात असते.

पाणी: १२८ मुलं, प्रत्येकी एक लिटर धरलं तर २० लिटरचे सात जार होतात. दहा मागवा, आणि चारही मैदानांजवळ वाटून ठेवा. एकाच टेबलावर ठेवले तर शेवटच्या मैदानावरची पोरं तिथवर जात नाहीत. ओआरएसची पाकिटं, बर्फ, पट्ट्या, आणि कायम उभी असलेली एक गाडी. डोक्याला मार लागलेला मुलगा त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही, तो कितीही ‘मला काही झालं नाही’ म्हणाला तरी. वळवाचे ढग आले आणि गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं करायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं.

पंच म्हणून नववी-दहावीची मुलंमुली घ्या. आदल्या संध्याकाळी त्यांना दोन तास शिकवलं की पुरतं. चार मैदानांना चार, आणि दोन राखीव. त्यांच्यावर एक अनुभवी पंच देखरेखीला. पंधरा वर्षांची पंच पाहिली की काही पालकांचा आवाज चढतो, म्हणून मैदानाच्या कडेपासून तीन मीटरवर दोर बांधा आणि प्रेक्षकांनी दोराच्या मागे राहायचं. पेठांच्या समर्थकांची हुल्लडबाजी आणि त्यापायी थांबलेले सामने कोल्हापूरने पुष्कळ पाहिले आहेत. ती सवय पोरांच्या मैदानावर येऊ द्यायची नसेल तर दोर लागतो. एका सामन्यात एक वडील दोराबाहेरून दर दहा सेकंदाला ‘मार! दे! पळ!’ ओरडत होते. त्यांचा मुलगा चेंडू पायाशी आला की चेंडूकडे न पाहता वडिलांकडे पाहायचा. मी त्यांना गुणफलक सांभाळायची विनंती केली. आकडे बदलताना बोलायला फुरसत मिळेना, आणि पोराची मान पुढे वळली.

उद्घाटन समारंभावर मी सर्वांत जास्त वाद घातले आहेत. साडेसातचं साडेनऊ होतं ते इथेच. मान्यवर वाटेत असतात, पोरं रांगेत उभी असतात, मग शाल-श्रीफळ, मनोगतं, आभार. तोवर सकाळचं थंड ऊन संपलेलं असतं. पाहुण्यांविना स्पर्धा होत नाही हे मला मान्य आहे. मैदान मिळतं, फ्लेक्स लागतो, वर्गणी येते ती त्यांच्यामुळेच. म्हणून आम्ही पाहुण्यांना साडेदहाला, बक्षीस समारंभाला बोलावतो. सातला नारळ वाढवायचा मान मैदानाच्या माळ्याला. त्याने वर्षभर ते गवत जपलेलं असतं. आजवर एकाही पाहुण्याने याबद्दल तक्रार केलेली नाही.

बक्षिसांबद्दल थोडक्यात. दुसऱ्या सत्रातल्या चारही गटांच्या विजेत्यांना सारख्याच उंचीचा करंडक. चौथ्या आलेल्या संघांतला पहिलाही करंडक घेऊन जातो. मालिकावीर नाही, सर्वाधिक गोल करणारा नाही. नॉर्वेत मूल ११ वर्षांचं होईपर्यंत खेळातल्या निकालांच्या आणि क्रमवारीच्या याद्या लावत नाहीत, तरी तो देश जगाला खेळाडू देतोच आहे. प्रत्येक मुलाला प्रमाणपत्र द्या, पण छापील जागेत नाव हाताने लिहा आणि नावाचं शुद्धलेखन बरोबर असू द्या. मुलं आधी तेच पाहतात.

गेल्या वेळी त्याच खेड्यातला संघ पुन्हा आला होता. पोरं वेगळी होती. ती जुनी आता मोठी झाली. चौथ्या गटात ते दुसरे आले. टेम्पोत बसताना आठही जणांचे स्टॉकिंग मातीने एकाच रंगाचे झाले होते.

तुम्ही तुमच्या गावात अशी स्पर्धा भरवणार असाल तर एक साधी वही करा. प्रत्येक मुलाचं नाव, आणि पुढे तो किती मिनिटं खेळला तो आकडा. चार मैदानांवर चार कॉलेजची पोरं ही नोंद सहज ठेवतात. गोलांची आणि विजेत्यांची यादी वर्तमानपत्राला द्या. ही वही स्वतःकडे ठेवा, आणि पुढच्या वर्षीची भाग्यपत्रिका काढण्याआधी तिच्यातला सर्वांत लहान आकडा शोधा.